जावयाच्या घड्याळात अडकलेली रजई

माझ्या बहिणीच्या दिवाळसणाला मी भर दुपारी शुक्रवार पेठेतून जावयाच्या मागे कात्री घेऊन पळत होतो, आणि माझा हेतू अत्यंत शुद्ध होता.

हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं लोकांना ऐकवतोय. पहिला अर्धा भाग सगळ्यांना चटकन पटतो. दुसऱ्या अर्ध्यावर विश्वास ठेवणारा माणूस अजून भेटायचा आहे. म्हणून आता सगळं सुरुवातीपासूनच सांगतो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. माझी धाकटी बहीण सुमी विजापूरला दिली. लग्नात आमच्या झाडून सगळ्या नातेवाइकांनी तिला आहेरात चादरी दिल्या. (सोलापूरच्या माणसाला आहेर म्हटलं की चादर सुचते. त्यात त्याचा दोष नाही, हवेचाच गुण आहे.) चादरींचा ढीग नवरीच्या डोक्याबरोबर आला, तेव्हा सुमीच्या सासूबाई भरमांडवात म्हणाल्या, "चादरी लई झ्याक हायत की! आता विजापुरात दुकानच टाकतो आमी. पोराला नोकरी कशाला म्हंते मी!"

सगळे हसले. आमची अव्वासुद्धा हसली. (अव्वा म्हणजे आमची आई.) पण घरी आल्यावर तिनं पातेली अशी काही आदळली की शेजारच्या कमळाबाई 'काय पडलं?' म्हणून विचारायला आल्या.

"इज्जत पडली," अव्वा म्हणाली. "दिवाळसणाला जावयाला रजई द्यायची. साटीनची, कापूस भरलेली, मशीनवर टिपलेली. विकत आणलेली न्हाय, आपल्या घरात शिवलेली! विहीणबाईचं तोंड उघडलं तर ते नवलानं 'अय्यो शिवने' म्हणायलाच उघडलं पायजे."

आमच्या घरात शिलाई मशीन होतं. माझी बायको शैला ते माहेराहून घेऊन आली होती आणि त्याचा उल्लेख ती माझ्यापेक्षा जास्त आदरानं करायची. लाल साटीन आलं, अस्तराला पांढरं कापड आलं, कापूस पिंजून आला. शैलानं पहिली टीप मारली आणि थांबली. खालच्या बॉबिनचा पांढरा दोरा वर डोकावत होता. लाल साटीनवर कुणीतरी तांदळाच्या कण्या सांडल्यासारखं दिसत होतं.

"खालचा दोरा ढिला हाय," शैला म्हणाली. "बॉबिनच्या डबीवरचा स्क्रू जरासा आवळते."

मी पुढे झालो. मी तेव्हा एका सूतगिरणीच्या टेस्टिंग खात्यात होतो. माझं काम म्हणजे सुताचा धागा यंत्रात अडकवायचा, तुटेपर्यंत ताणायचा आणि कुठं तुटला ते सांगायचं. दोऱ्याच्या ताणावर सबंध शुक्रवार पेठेत माझ्याइतका अधिकारी पुरुष दुसरा नव्हता, असं माझं मत होतं. (इतरांचं मत विचारायची गरज तोवर पडली नव्हती.)

"जरासा म्हणजे किती?" मी विचारलं.

"जरासा म्हणजे जरासा! आमच्या शिवणक्लासात शिकवलंय. डबी अशी दोऱ्याला लोंबकळवायची, वरून हळूच हिसका द्यायचा. थोडी खाली घसरून थांबली, की ताण बरोबर."

"शैला, 'जरासा' आणि 'थोडी' ही मापं नव्हेत. मिलमध्ये असं बोललं तर हाकलून देतील."

"मग मिलमध्येच जाऊन शिवा की रजई!"

मी डबी ताब्यात घेतली. दोऱ्याचं टोक खुंटीला बांधलं, डबी खाली लोंबकळत सोडली आणि शास्त्रीय पद्धतीनं वजन लावायला सुरुवात केली. आधी चमचा लटकवला. डबी सरसर खाली आली. स्क्रू आवळला, पुन्हा चमचा. थांबली! मग माझ्या मनात विचार आला, चमचा पेलणारी रजई जावयाला कशी द्यायची? जावई काय चमच्याएवढा आहे? म्हणून अव्वाचा पितळी अडकित्ता लटकवला. डबी क्षणभर थांबली आणि अडकित्त्यासकट थेट खाली बसलेल्या अप्पांच्या चहात पडली.

अप्पा म्हणजे माझे वडील. निवृत्त झाल्यापासून पेपरमागे राहत. त्यांनी चहातून अडकित्ता काढला, धोतराला पुसला, एक सुपारी कातरली, तोंडात टाकली आणि पुढचं पान उलटलं.

अखेर अडकित्तासुद्धा जागेवर थांबला. स्क्रू इतका आवळला गेला होता की दोरा ओढताना डबी कण्हत होती. मशीन चालवलं तर तो तुटायला लागला. आता शास्त्रज्ञ हार मानतो का? सात रस्ता चौकातल्या दुकानात जाऊन मी बॉबिनसाठी जाडसर, मेण चोळलेला, गुळगुळीत दोरा घेऊन आलो. दुकानदारानं विचारलं, "चपलेला पायजे का?"

"रजईला."

त्यानं माझ्याकडं नीट बघितलं, आणि दोरा कागदात न गुंडाळताच दिला.

त्या दोऱ्यानं मात्र कमाल केली! वरून बघावं तर टाके म्हणजे नुसती मोत्यांची ओळ. अव्वानं डोळ्यांच्या कडा पुसल्या. शैलासुद्धा गप्प झाली, आणि शैला गप्प होणं हे आमच्या घरात प्रशस्तिपत्रकच समजलं जाई. खालच्या बाजूनं टाके कसे दिसतात, ते मात्र कुणी पाहिलं नाही. आमच्या घराण्यात सगळं वरून बघण्याची पद्धत आहे. मुली बघायला गेलो तेव्हाही आम्ही तेच केलं, असं शैलाचं म्हणणं आहे. (मुलाकडचं तिनंही वरूनच बघितलं होतं, पण हे मी तिला अजून बोललेलो नाही.)

खालच्या बाजूला काय चाललं होतं ते सांगतो. शिलाईत वरचा आणि खालचा दोरा कापडाच्या मध्यावर एकमेकांत अडकायला पाहिजेत, तर टाका पक्का. आमचा खालचा दोरा एवढा ताठ झाला होता, की तो तारेसारखा सरळ पडून राहिला होता आणि वरचा बिचारा नुसता त्याच्यावरून लोंबकळत चालला होता. म्हणजे तो टाका नव्हताच. वाळत घालायची दोरी होती!

त्यातच सगळ्यांनी घरातल्या घरात गुपचूप सुधारणा केल्या. कापडाला सुरकुत्या पडायला लागल्या म्हणून शैलानं मला न सांगता वरचा दोरा ढिला केला. मी खालून आवळत होतो, ती वरून सोडत होती. आमच्या संसाराचं याहून बरं वर्णन मला अजून सुचलेलं नाही. अव्वाला घरातली प्रत्येक गोष्ट ढिली वाटे. तिनं येता-जाता सुरीच्या टोकानं स्क्रूला आणखी एक पीळ दिला. कुणाला काही बोलली नाही.

आणि या सगळ्यावर कळस म्हणून माझी कल्पना. मी म्हटलं, "आडव्या-उभ्या टिपा सगळेच घालतात. आपण मधोमध सुरुवात करू आणि जिलबीसारखं गोल गोल फिरत कडेपर्यंत येऊ. एक टीप, एक दोरा! कुठं तोडायचा नाही."

"बॉबिन संपल्यावर?" शैलानं विचारलं.

"गाठ मारू. विणकऱ्याची गाठ. बोटाला लागतसुद्धा नाही, दोऱ्याबरोबर सुळकन सरकते."

सुळकन सरकते, हे मी स्वतःच्या तोंडानं म्हणालो होतो!

दिवाळीला सुमी आणि आमचे जावई मल्लिनाथराव आले. मल्लिनाथराव शाळेत भूगोल शिकवत. गोरे, गोल, हसतमुख माणूस. मनगटात नवं घड्याळ, त्याला चकचकीत साखळीचा पट्टा. दर दोन वाक्यांनंतर हात वर करून ते वेळ बघायचे. वेळ कळावी म्हणून नाही, पट्टा दिसावा म्हणून.

रजईच्या कडेची पट्टी लावायची तेवढी राहिली होती. शेवटच्या दोऱ्याचं टोक मी तसंच आत खोचलं आणि रजई पलंगावर अंथरली. पाडव्याला जावयाला तिच्यावर बसवून ओवाळलं. लाल साटीनवर ते असे शोभले की अव्वानं दोनदा दृष्ट काढली, एकदा जावयाची, एकदा रजईची.

जेवायला पुरणपोळ्या. सुमीनं त्यातल्या काही हौसेनं लाटल्या होत्या. मल्लिनाथराव एक पोळी ताटात पसरून म्हणाले, "सुमीची पोळी म्हणजे आमच्या वर्गाला लई सोयीची. ही बघा, श्रीलंका."

सगळे हसले. मी हसलो नाही, कारण माझं लक्ष बाहेरच्या खोलीत पलंगावर होतं. रजईच्या कडेचा एक टाका मला जरा झोपल्यासारखा दिसत होता आणि मी त्याच्याकडे डोळे बारीक करून बघत होतो. दुर्दैवानं माझ्या आणि पलंगाच्या बरोब्बर मधे मल्लिनाथराव बसले होते.

"सिद्रामप्पा, राग आला काय?" त्यांनी विचारलं.

"अं? नाही," मी म्हटलं. आणि तसाच बघत राहिलो.

जेवण झालं, जावईबापू पलंगाच्या कडेला घटकाभर टेकले, मग पान खाऊन येतो म्हणून उठले. आत खोचलेल्या दोऱ्याचं टोक घड्याळाच्या पट्ट्याच्या कडीत कधी अडकलं ते त्यांना कळलं नाही. पोटात एवढ्या पोळ्या असताना कुणी हात खांद्यापासून काढून नेला असता तरी त्यांना कळलं नसतं.

ते बाहेर पडले आणि अव्वानं गल्लीतल्या बायका आत बोलावल्या. रजई बघायला! चौघी-पाचजणींनी तिच्या कडा धरून ती उचलली.

"अगंबाई, काय गुळगुळीत हाय!" एकीनं म्हटलं.

"नक्षी तर बघा की. गोल गोल गोल," दुसरी म्हणाली.

कमळाबाई वाकून बघत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "अव्वा, ही नक्षी फिरायलीय व्हय?"

"फिरतच शिवलीय ती."

"तसं न्हाय हो. आत्ता फिरायलीय! ही बघा, कडेनं जायलीय!"

सगळ्यांनी बघितलं. कडेवरचे टाके एकामागून एक नाहीसे होत होते. कुणी अदृश्य माणूस रजईवर गोल गोल चालत टाके वेचत सुटला होता. एक फेरा संपला, दुसरा सुरू. साटीन सैल पडलं, कापूस बाहेर डोकावला. शैलानं रजई उलटी केली. खालचा दोरा पलंगावरून, उंबऱ्यावरून, पायऱ्यांवरून सरळ गल्लीत चालला होता.

"अहो!" शैला किंचाळली. "जावयानं रजई नेली!"

"नेली कुठं? ही काय हितं हाय!" अव्वा म्हणाली.

"शिलाई नेली हो! पळा, दोरा कापा!"

आता कुणालाही वाटेल, दोरा घरातच का कापला नाही? मलाही वाटलं. रात्री जेवताना वाटलं! त्या क्षणी मात्र शैलानं माझ्या हातात तिची कापड कापायची मोठी कात्री दिली आणि मी दोऱ्याच्या मागं धावत सुटलो. एक गोष्ट मनाशी पक्की होती. जावयाला काही कळता कामा नये. मागून अलगद जायचं, मनगटाजवळ दोरा कट्ट करायचा आणि 'पान छान आहे का?' विचारून परत फिरायचं.

दोरा गल्लीभर पसरला होता. एका सायकलवाल्याच्या चाकात गेला होता आणि तो उतरून, चाक वर उचलून, सणासुदीला शोभणार नाहीत असे शब्द बोलत होता. मी त्याच्यावरून उडी मारून पुढे गेलो. पानाच्या दुकानाशी मल्लिनाथराव पाठमोरे उभे. मी चवड्यांवर, श्वास रोखून, कात्री उघडून जवळ पोचलो. आणि पानवाला ओरडला, "अण्णा, मागं बघा!"

मल्लिनाथराव वळले. समोर मी. घामानं डबडबलेला, डोळे बारीक केलेला, उघड्या कात्रीसह.

"सिद्रामप्पा," ते मागं सरकत म्हणाले, "श्रीलंका मी गमतीनं म्हटलं होतं."

"मल्लिनाथराव, घाबरू नका," मी प्रेमानं म्हटलं. "फक्त हात पुढं करा. एका सेकंदात कापतो!"

मल्लिनाथराव पळाले.

गोल माणूस एवढा पळू शकतो हे मला माहीत नव्हतं. ते पुढे, मी मागे, मधे दोरा. "थांबा, तुम्ही पळालात तर सगळी जाईल!" असं मी ओरडत होतो. आता विचार करतो तेव्हा वाटतं, यातलं एकही वाक्य त्यांना धीर देणारं नव्हतं. खिडक्या उघडल्या. "सिद्रामप्पानं जावयावर हत्यार काढलं!" ही बातमी आमच्याही पुढं धावायला लागली. शेवटी तालमीतून येणाऱ्या दोघा पैलवानांनी मला बगलेत धरून वर उचललं. एकानं कात्री काढून घेतली.

"काय बे, सणाचं जावयाला कापायलास?"

"जावयाला नाही! दोरा!"

"कसला दोरा?"

मी बोट दाखवलं. मल्लिनाथरावांनी एका ओट्यावर चढून आपल्या मनगटाकडे बघितलं. घड्याळाच्या कडीत दोरा. त्यांनी ओढला. आला. आणखी ओढला. आणखी आला. पतंग उतरवावा तसे ते हातावर हात टाकत ओढत राहिले. सगळी गल्ली बघत होती आणि दोरा येतच होता. अखेर माझ्या हातची शेवटची विणकरी गाठ सुळकन त्यांच्या बोटांतून गेली आणि टोक आलं.

तेवढ्यात अव्वा पोचली. एका हातात साटीन, दुसऱ्या हातात अस्तर. मागून शैला, केसांत कापूस. सुमी रडायच्या बेतात. सासूबाईंना काय सांगायचं, एवढंच तिच्या तोंडावर लिहिलेलं.

"हे घ्या जावईबापू," अव्वा पराभूत सेनापतीसारखी म्हणाली. "तुमची रजई."

मल्लिनाथराव साटीनकडे, अस्तराकडे, माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचं पोट हलायला लागलं. मग खांदे. मग ते ओट्यावर मटकन बसले आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. "मला वाटलं," ते धापा टाकत म्हणाले, "सोलापुरात पुरणपोळीला नावं ठेवली की हात कापतात!"

घरी आल्यावर स्क्रूची चौकशी झाली. मी माझा अडकित्ता सांगितला, शैलानं वरचा दोरा सांगितला, अव्वानं सुरी सांगितली. सगळे एकमेकांवर ओरडत असताना पेपरमागून पहिल्यांदाच आवाज आला. अप्पा म्हणाले, "मीपण फिरवला जरा. ढिला वाटला."

बाकीचे दिवस अव्वा, शैला आणि सुमी तिघींनी बसून ती रजई हातानं टाचली. मल्लिनाथरावांनी रजईचं एक टोक धरून ठेवायचं काम स्वतःहून मागून घेतलं, आणि मधूनमधून सुमीला 'हात दुखला काय गं?' विचारत राहिले. सुमीचा चेहरा उजळला होता. मला सुईत दोरा ओवायचं काम दिलं. मी दोरा ओवण्याआधी ओढून त्याची ताकद बघायला लागलो, तेव्हा तेही काढून घेतलं.

रजई विजापूरला गेली. सुमीच्या सासूबाईंनी ती उलटसुलट करून बघितली (ती बाई खालूनही बघते!), अंगावर घेतली आणि म्हणाल्या, "टाके वाकडे हायत, पण हाताचे हायत. हातानं कोन शिवतंय आता?" आणि सुमीला पहिल्यांदा 'माझी पोर' म्हणाल्या. आपलं गुपित राहिलं म्हणून अव्वा खूश झाली. मल्लिनाथरावांना मात्र ते आठवडाभरसुद्धा पोटात ठेवता आलं नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी विजापूरहून निरोप आला. विहीणबाईंचं जुनं शिलाई मशीन अडून बसलंय, सिद्रामप्पांना त्यातलं लई कळतं म्हणे, तर सवडीनं येऊन जावं.

"चेष्टा करायल्यात त्या," शैला म्हणाली.

"माणसाची कदर करतात लोक, तू सोडून," मी म्हटलं आणि रजा टाकून गाडीत बसलो. होटगी स्टेशन मागं पडेपर्यंत माझा मनातल्या मनात सगळा विचार करून झाला होता. यावेळी वजनं वेगळी लावायची, पद्धत मात्र शास्त्रीयच!

घरी पोचल्यावर पाणीसुद्धा न घेता मी विचारलं, "कुठं आहे मशीन?"

विहीणबाई पुढच्या सोप्यात त्याच मशीनवर उशीचा अभ्रा शिवत बसल्या होत्या. मशीन कसं लोण्यासारखं चाललं होतं.

"बसा की," त्या पाय न थांबवता म्हणाल्या. "काल तुमी येनार म्हून ह्याच्यासमोर नुसतं बोललो बघा, तसं भीतीनं आपलं आपन चालायला लागलं!"

मी जेवलो आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आलो. पण खरं ते खरं. ते मशीन त्यानंतर कधी बिघडलं नाही. हात न लावता मशीन दुरुस्त करण्यात आजवर माझा हात कुणी धरू शकलेलं नाही.